पिवळ्या गाळाची पाटी

फार फार वर्षं झाली, घाटाच्या पायथ्याशी एक गाव होतं. तिथं सगळ्यांची शेतं सारख्याच मापाची, आणि सगळ्या शेतांत मोहरी. घाटमाथ्यावर वाटसरूंसाठी एक दिवा असे. ज्या घरच्या मोहरीचं तेल सर्वांत जास्त निघे, त्या घराला वर्षभर तो दिवा भरण्याचा मान मिळे.

पाटलीणबाईंच्या घरी हा मान सासूच्या सासूपासून चालत आलेला. आपल्या हातून तो जाईल की काय, या धास्तीनं त्यांना घास गोड लागेना.

गावची रीत अशी, की पेरणीआधी शेतात एक मुक्काम मेंढरं बसवायची, म्हणजे लेंड्यांचं खत मिळे. मग शेताच्या मालकिणीनं गरम झऱ्याकाठचा गंधकाचा पिवळा गाळ स्वतः डोक्यावरून आणून पसरायचा. त्या गाळाला नासक्या अंड्यांचा वास. तो केसांतून आठ-आठ दिवस जात नसे.

बाईंना त्या वासाची शिसारी होती. केसांना वास आला तर लोक काय म्हणतील, ही भीती त्याहून मोठी. त्यांनी मेंढपाळ म्हाताऱ्याला सांगितलं, यंदा मी गाळ आणणार नाही, तू एक नको, तीन मुक्काम बसव. गाळाची कसर लेंड्या भरून काढतील.

म्हातारा म्हणाला, "बाई, माझी मेंढरं पान देतील. दाणा त्या गाळातनं येतो. आणि पान जितकं माजेल, तितका गाळ जास्त मागेल."

"तुला काय, तुझ्या अंगाला आधीच वास येतो."

म्हातारा हसला आणि सांगितल्याप्रमाणे मेंढरं बसवून गेला.

मोहरी छातीला लागली. शेजारच्या कुंभारणीची जेमतेम कमरेएवढी. तेव्हा कुठं पाटलीणबाईंना शांत झोप लागू लागली.

पण फुलं आली ती फिकट, जवळजवळ पांढरी. कोवळी पानं वाटीसारखी आत वळली. बाईंनी एक शेंग सोलली, आत काही नव्हतं. दुसरी सोलली. तिसरीला हात धजेना.

घाण्यावर त्यांचं तेल पणतीभर निघालं. कुंभारणीचा बुधला भरला, आणि मान तिच्या घरी गेला.

पुढच्या पेरणीला पाटलीणबाई झऱ्यावर दिसल्या. म्हाताऱ्यानं पाटी उचलू लागत विचारलं, "वास येतोय का, बाई?"

"येतोय," त्या म्हणाल्या. "पण रिकाम्या शेंगेइतका झोंबत नाही."

वाटेत कुंभारीण भेटली. तिच्याही डोक्यावर पाटी होती. दोघींपैकी कुणीच नाकाला पदर लावला नाही.

तात्पर्य: जे उणं आहे तेच भरावं लागतं, सोपं ते तिप्पट केल्यानं अवघड ते टळत नाही.