शिकारीला गेलेला राजा

"म्हणजे मला झोपवून कानात सांगितलंत, तर उद्या मी अडखळणार नाही?"

सोमगिरी सकाळपासून हेच विचारत होता. उद्या मठाच्या मूळपुरुषाची पुण्यतिथी. गावासमोर पोथी वाचायचा मान त्याचा. गेल्या वर्षी राणीच्या विलापापाशी तो अडखळला आणि पुढे बसलेले लोक हसले. यंदा तसं झालं तर मठच सोडायचा, असं त्यानं ठरवून टाकलं होतं. मानी गडी.

त्याचे गुरू मेघगिरी संमोहन जाणतात, असं गावात बोलत. ते स्वतः हो म्हणत नसत, नाहीही म्हणत नसत.

"बस," ते म्हणाले.

सोमगिरी समईच्या ज्योतीकडे बघत बसला. हळूहळू पापण्या जड झाल्या. गुरू त्याच्या कानाशी सांगत राहिले... तू अडखळणार नाहीस... तू अडखळणार नाहीस...

मग त्यांनी पोथीचं फडकं सोडलं. जुनी पोथी, शिवण नसलेली, सगळी पानं सुटी. एकेक पान ते त्याच्या हातात देत गेले.

सोमगिरी भराभर वाचत सुटला. राणीचा विलाप आला नि गेला, आवाज जरासुद्धा हलला नाही.

"कुठंच अडखळलो नाही, महाराज." त्याचा चेहरा फुलला होता.

"राजाचं काय झालं?"

"रणात पडला."

"मग?"

"मग... शिकारीला गेला."

सोमगिरी हातातली पानं पुन्हा चाळू लागला.

"पडलेला राजा शिकारीला कसा जाईल, महाराज?"

"पानं मी मागंपुढं लावली होती."

सोमगिरी पुरता गोंधळला. आपण झोपेत होतो की जागे? झोपेत होतो, तर मग वाचलं कोणी? त्याला आता रडू यायचंच बाकी होतं.

मेघगिरींनी काही समजावलं नाही. पानं नीट लावली आणि पुन्हा त्याच्या पुढं ठेवली.

या वेळी तो जपून वाचू लागला. राजा पडला. राणी रणात आली. पदरानं एकेका प्रेताचं तोंड पुसून बघू लागली...

सोमगिरीचा शब्द अर्ध्यात तुटला. डोळ्यांतल्या पाण्यानं पुढची ओळ दिसेना.

त्यानं घाबरून वर पाहिलं. "महाराज... उतरली का तुमची विद्या?"

"नाही," मेघगिरी म्हणाले. "आत्ता लागू पडली."