भरल्या वांग्यांचा फोटो

आमच्या हौदाच्या आळीत लाकडी सज्ज्यांची जुनी घरं आहेत. ती पाडून टॉवर उभा करायला बिल्डर रणदिवे टपलेला. आमचं रहिवासी मंडळ अडून बसलं होतं, पण लिफ्टचं नाव काढलं की निम्मे पुरुष पाघळायचे.

माझ्या ओसरीवर सभा भरली. रणदिवे म्हणाला, "काळजी कशाला? लॉबीत तुमच्या आळीचा भिंतभर फोटो लावतो. सज्जे, हौद, सगळं रोज डोळ्यांसमोर!"

पुरुषांनी माना डोलावल्या. माझं डोकंच फिरलं.

मी म्हटलं, "साहेब, जेवूनच जा. भरली वांगी केलीत."

वास सुटलाच होता. स्वारी लगेच मांडी घालून बसली. मसाल्याच्या कॅलेंडरवर भरल्या वांग्यांचा फोटो होता. ते पान फाडून मी त्याच्या ताटात ठेवलं.

"हे काय, मालनताई?"

"घ्या की. देठ, मसाला, तवंग, सगळं डोळ्यांसमोर आहे."

"अहो, फोटोनं पोट भरतं का?"

"नाही ना भरत? मग फोटोत आम्ही राहायचं कसं?"

लिफ्टवालेच सगळ्यात मोठ्यानं हसले. घरं पाडायची नाहीत, असा ठराव तिथंच झाला. मग मी रणदिवेला खरी वांगी वाढली. मेल्यानं दोनदा मागून घेतली.