ओढ्यापलीकडचं उंबर

माकडांच्या टोळीलाही सरपंच असायची, त्या काळची ही गोष्ट. टोळीत खरजेची साथ पसरली, तशी सरपंच भागीनं दवंडी पिटवली, "साथ ओसरेपर्यंत कुणी कुणाच्या उवा काढायच्या नाहीत. आजाऱ्यांनी ओढ्यापलीकडच्या उंबरावर राहायचं. खाणं आम्ही पोचवू."

माकडं हिरमुसली. उवा काढणं हीच तर त्यांची माया.

मग भागीच्या आईलाच खरूज झाली. तीही मुकाट पलीकडे गेली. संध्याकाळी मात्र तिनं हाक मारली, "भागे, डोकं लई खाजतंय गं. एकदाच ये."

सगळी टोळी भागीकडे बघू लागली. भागी अलीकडच्या काठावर बसली आणि तिथूनच हवेत बोटं चालवू लागली, एकेक ऊ वेचावी तशी.

पलीकडे आईनं डोळे मिटून डोकं पुढे केलं. थोड्या वेळानं म्हणाली, "आता जरा कानामागं बघ."