राळटेकडीचा पहिला सूर

सालेवाड्याच्या जत्रेला नवा आलेला पाहुणा हमखास गोंधळतो. देवापुढे बसून किंगरीवाला तारेवरून गज ओढतो आणि किंगरीतून आवाजच निघत नाही. त्यावर सगळी जत्रा पोट धरून हसते. मग त्याच्या घरची सून गज हिसकावून समोरच्या टेकडीकडे धूम ठोकते.

"हासा पाव्हने, हासा! हासल्याबिगर इथली जत्रा लागत नाही," असे म्हणत म्हातारे डोमाजीबुवा हकिगत सांगू लागतात.

फार मागे, म्हणे, गोमाजी किंगरीवाला इथल्या देवाला जागवी. करवंटीची किंगरी, घोड्याच्या केसांचा गज, एवढ्यावर तो गावाच्या सात पिढ्या गाऊन दाखवी. पण नव्या पाटलाला सनईची हौस. त्याने सनईवाले आणून उभेच केले आणि बजावले, ऊन देवाच्या पायरीला टेकायच्या आत किंगरी बोलली नाही, तर मान कायमचा सनईचा!

गोमाजीची बायको, त्या घरची सून बुधाई, रात्रभर तळमळली. पहाटे तिने काय करावे? लेकीच्या वेणीला लावावे तसे गजाच्या केसांना चांगले चोपडून तेल लावले. बिचारीला कोण सांगणार? बाईने किंगरीला हात लावायचा नाही, अशी तेव्हाची रीत.

देवापुढे गज तारेवरून नुसता घसरला. लोक खो खो हसले. गोमाजीचा चेहरा उतरला.

"अवं, गजाले काय लावलं वं?"

"तेल. चमकला पाह्यजे म्हून..."

 पण बुधाई रडत बसणारी नव्हती. नवा गज केला की नवरा टेकडीवर जातो आणि राळेचा वास घेऊन परततो, एवढे तिला ठाऊक होते. तिने गज उचलला, प्रसादाच्या चुलीतली मूठभर राख घेतली आणि पदर खोचून पळाली. वाटेत गजाचे तेलकट केस राखेने चोळले, झटकले. टेकडीवर सालईच्या खोडांवर राळेचे वाळलेले खडे होते. त्यांवर तिने गज घासला, केस तारेला धरतील इतका, बोटे सोलवटेपर्यंत घासला.

ती परतली तेव्हा ऊन पायरीपासून बोटभर दूर होते. गोमाजीचे हात लटलट कापत होते.

"तुम्ही गा," ती म्हणाली, "गज मी वढतो!"

तिने गज ओढला आणि किंगरी अशी कडाडून बोलली की पाटील उठून उभा राहिला. सनईवाल्यांनीच म्हणे पहिली दाद दिली.

आजही राळटेकडीवरच्या सालईला कुऱ्हाड लागत नाही. आजही जत्रेत आधी मुका गज, मग हसू, मग सुनेची धाव. एवढे सांगून डोमाजीबुवा पायरीवरचे ऊन पाहतात, टेकडीकडे पाहतात आणि वय विसरून ताडकन उठतात.

"आली! आमची सून व्हय थे!"

सगळी जत्रा वाट करून देते. धापा टाकत ती किंगरीपुढे बसते, राळेने माखलेल्या हाताने गज ओढते आणि पहिला सूर उठतो. तो आजही सुनेचाच.