उतरलात कुठे?

"...ते सगळं ऐकलं रे, रंगा. पण उतरलात कुठे?"

अक्कांनी हे दुसऱ्यांदा विचारलं होतं.

श्रीरंगने यामिनीकडे पाहिलं. अक्कांना कमी ऐकू येऊ लागलं की काय, असं त्या पाहण्यात होतं.

वारणेच्या काठी, जुन्या उताराशी, अक्कांचा मठ. पूर्वी नावेतून माणसं इथे उतरत, रात्रीपुरती टेकत, दिवस उगवला की वाटेला लागत. पूल झाला, नाव गेली. अक्का राहिल्या आणि वाटसरूंच्या दोन खोल्या राहिल्या. एक माडीवरची, नदी दिसणारी. एक खालची, गोठ्याला लागून. दोन्हींची दारं सताड उघडी असत, कारण येणारं कुणी नसे.

श्रीरंग लहानपणी दर सुट्टीत अक्कांकडे संस्कृत शिकायला येई. शब्दांची रूपं सगळ्यांत आधी पाठ करून मोकळा व्हायचा. अजूनही तो अक्कांसमोर तसाच बसला होता, ताठ, उत्तर तयार ठेवून. पाठीवरची सॅक काढायची राहिली होती. अक्कांनी पाय धुवायला ठेवलेला पाण्याचा तांब्या पायरीवर तसाच होता.

लग्न होऊन अजून महिनाही झाला नव्हता. परवा तो नोकरीवर कतारला निघणार, दोन वर्षांसाठी. यामिनीचा व्हिसा कधी होईल, कुणी धड सांगत नव्हतं. मधे हाताशी एक आठवडा होता, तो त्यांनी क्रीटला घालवला. तिथून आले ते जोडीने अक्कांच्या पाया पडायला.

"सांगितलं ना अक्का, क्रीटला." श्रीरंगने आवाज चढवला. "भूमध्य समुद्रातलं बेट. आधी बंदराजवळ हॉटेल घेतलं होतं, पण गजबज फार. मग वाळूवरचं घेतलं, तर तिथे वारा. शेवटी कड्यावरचं मिळालं. काय जागा होती... खोलीतून नुसता समुद्र."

"पाय भिजले?"

"कुणाचे?"

"कुणाचेही."

"कड्यावर होतो हो अक्का. समुद्र खाली." तो हसला. "तो वरूनच बघायचा असतो."

यामिनी खाली मान घालून ऐकत होती. बेटावर ती त्याला 'अरे' म्हणे. मठाच्या दारात शिरताना ते 'अहो' झालं होतं. बोलायचं काम हातातल्या हिरव्या चुड्याकडे होतं. तो मधूनच किणकिणे.

साखरपुड्यापासून श्रीरंग जागा निवडत होता. इतर जोडपी तेव्हा फोनवर एकमेकांची चौकशी करतात. या दोघांनी खोल्यांची केली. पूर्वेला की पश्चिमेला, न्याहारी धरून की न धरता, गच्ची की बाल्कनी... तिला काय आवडतं हे त्याला अजून नीट माहीत नव्हतं, पण कुठल्या खोलीचं तोंड कुठल्या दिशेला ते दोघांनाही पाठ होतं.

एकदाच तिने आपणहून एक फोटो पाठवला होता. बेटावरच्या कोळ्यांच्या वस्तीतलं एका म्हातारीचं घर. निळं दार, दाराशी तेलाच्या डब्यात तुळशीसारखं झाड. वर एक खोली भाड्याने.

खाली कुणा जर्मन जोडप्याने लिहून ठेवलं होतं की पहाटे कोंबडा आरवतो.

"कोंबडा ऐकायला इतक्या लांब जायचं?" श्रीरंग म्हणाला होता.

तीही हसली होती. तेव्हा हसायला नको होतं, असं आता तिला वाटत होतं.

"सामान कुठे सोडलंत?" अक्कांनी विचारलं.

"सोडलंच नाही फारसं. दोन दिवसांनी हलायचंच होतं. उगाच कोण उलगडत बसणार?"

यामिनीला बॅगेच्या तळाचा डबा आठवला. आईने बांधून दिलेले ओल्या नारळाचे लाडू. 'नीट टेकलो की खाऊ,' असं तो पहिल्या दिवशी म्हणाला होता. डबा बेट बघून परत आला. घरी येऊन उघडला तर लाडू खवट झालेले.

"चांगली जागा मिळवायला धडपड करावी लागते, अक्का," श्रीरंग म्हणाला. "तुम्हीच म्हणायचात ना, हाती घेतलं ते पुरं कर."

"म्हणायचे खरी..." अक्का म्हणाल्या. मग त्या यामिनीकडे वळल्या.

"आणि तू गं, पोरी? तू कुठे उतरली होतीस?"

"अक्का, आम्ही दोघं एकत्रच..."

"तुला नाही विचारलं."

गोठ्यामागे कोंबडा आरवला. भर दुपारी, काही कारण नसताना. श्रीरंगने तिकडे पाहिलं आणि नजर काढून घेतली.

शेवटच्या दिवशी विमानतळाकडे जाताना टॅक्सी त्याच वस्तीत थांबली होती. रस्त्यात जाळी पसरलेली. श्रीरंग पाण्याची बाटली आणायला गेला आणि यामिनी खाली उतरली, तर समोर ते निळं दार. दारात म्हातारी शेंगा निवडत बसलेली. ती सरकली आणि पायरीवर जागा करून दिली. तिने तिच्या भाषेत काहीतरी विचारलं. यामिनीला काय कळणार. श्रीरंग आला, त्याने फोन पुढे धरला, फोनने मराठीत सांगितलं : कुठे राहता?

श्रीरंगने कड्याकडे बोट केलं.

म्हातारीने मान उंच करून वर पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग डब्यातल्या झाडाचा शेंडा खुडून यामिनीच्या हातात ठेवला. शेंगांनी ओला झालेला हात तिने यामिनीच्या गालाला लावला, कुणी माहेराहून निघताना लावावा तसा.

"एका दाराशी," यामिनी म्हणाली.

"किती वेळ?"

"टॅक्सीवाल्याने हॉर्न देईपर्यंत."

अक्कांनी नुसती मान हलवली.

नदीकडून पुलावरच्या न थांबणाऱ्या गाड्यांचा आवाज येत होता.

"मला बोलली नाहीस," श्रीरंग हळूच म्हणाला. तो अक्कांसमोर असा हळू कधी बोलला नव्हता.

"फोटो पाठवला होता ना..."

"तो होय."

"तो."

त्याने चेहऱ्यावरून हात फिरवला. "मला वाटलं, तुला चांगल्यातलं चांगलं द्यावं. एवढेच तर दिवस होते."

"हो ना," यामिनी म्हणाली. "एवढेच होते."

तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर त्याला बरं वाटलं असतं.

तो एकदम अक्कांकडे वळला. "अक्का, आज आम्ही इथेच राहतो. घरी उद्या जाऊ. चालेल ना?"

"मठ आहे हा. न चालायला काय झालं?"

यामिनीने मान वर केली. कितीतरी दिवसांत तिच्या डोळ्यांत अशी चमक आली नव्हती.

श्रीरंग उठला. जिन्याच्या दोन पायऱ्या चढून त्याने वर डोकावलं. "वरची घेऊ या. नदी दिसते... पण पत्रा तापलेला असणार." तो खाली आला, खालच्या दारातून वाकून पाहिलं. "इथे गारवा आहे. पण गोठा शेजारी, डास होतील... वरून उजाडताना पाणी बघायला मिळेल, नाही? थांब हं, एकदा खिडकी कुठल्या बाजूला आहे बघतो..."

यामिनीने डोळे मिटले.

अक्का गुडघ्यावर हात टेकून उठल्या. सावकाश जिना चढल्या. वरच्या खोलीचं दार ओढून घेतलं, कुलूप लावलं. सावकाश जिना उतरल्या. खालच्या खोलीलाही कुलूप लावलं. दोन्ही किल्ल्या पदराच्या टोकाला बांधून गाठ ओढली.

श्रीरंग अंगणाच्या मधोमध उभा होता, सॅक पाठीवर तशीच.

"अक्का... मग आम्ही?"

अक्का यामिनीशेजारी पायरीवर त्याच्यापुरती जागा ठेवून बसल्या आणि पाण्याचा तांब्या त्याच्याकडे सरकवला.

"दोन्ही खोल्या भरल्या, रंगा. आता उतरा."