सरकणारं देऊळ

एका नदीकाठच्या गावात एक पैलवान होता आणि त्याला सगळं येत होतं. जे येत नव्हतं ते सोपं असतं, असं तो म्हणायचा.

गावाची नाव एक आजी चालवायची. आधी काठाकाठानं वर न्यायची, मग तिरकी सोडायची. "सरळ का नाही जात?" कुणी विचारलं तर म्हणायची, "पाण्यावर असतं बाबा. किती वर न्यायची ते रोज पाणी बघून ठरवावं लागतं." एवढं ऐकेपर्यंत विचारणाऱ्याला जांभई यायची.

दिवाळी झाली की गाव हात वर करून नावाडी निवडायचं. त्या वर्षी पैलवान पारावर चढला.

"पलीकडचं देऊळ दिसतंय ना? नावेचं तोंड देवळाकडं करायचं आणि वल्हं मारायचं. त्यात पाणी कसलं बघायचं?"

गावाला पटलं. इतकं पटलं, की काहींनी दोन्ही हात वर केले.

पहिली फेरी पैलवानाच्याच लग्नाची. नवरी पलीकडच्या गावची, मुहूर्त दुपारचा, आणि सासरा कडक. मुहूर्त चुकला तर मांडव उतरवीन, असा त्याचा निरोप. मुंडावळ्या बांधून पैलवानानं वल्हं धरलं. वाजंत्री वाजू लागली. मागच्या फळीवर आजी आहेर मांडीवर घेऊन बसली.

मधोमध गेल्यावर देऊळ डावीकडं सरकलं. पैलवानानं नाव वळवली. देऊळ आणखी सरकलं.

"देऊळ हलतंय," तो म्हणाला.

"पलीकडच्यांनी हलवलं असणार," नवरदेवाचे मामा म्हणाले. "पहिल्यापासून जळतात आपल्यावर."

सगळ्या नावेनं मान डोलावली. पैलवानानं जोर लावला, तेवढ्यात एका भोवऱ्यानं नाव गरकन फिरवली आणि आणून टाकली आपल्याच काठाला, कोसभर खाली, म्हशींच्या डोहात. एक म्हैस सनईवाल्याकडं बघत रवंथ करू लागली.

"पुन्हा सरळ मार," वऱ्हाड म्हणालं.

पैलवानाच्या डोळ्यांपुढं उतरवलेला मांडव आला. तो आजीपुढं जाऊन बसला. "आजी, मला यातलं काही कळत नाही. तू सांग."

"वल्हं ठेव, दोर घे," आजी म्हणाली.

मग नवरदेवानं काठावरून नाव ओढली. मागून वऱ्हाड, पुढं वाजंत्री. आपल्याच गावावरून जाताना लोकांनी विचारलं, "लागलं का लग्न?" सनईवाल्यानं सनई आणखी जोरात फुंकली. बरंच वर गेल्यावर सगळे नावेत चढले, आजीनं पाणी बघितलं आणि नाव तिरकी सोडली. ती बरोबर देवळाशी लागली.

सासऱ्यानं देवळापुढच्या मांडवाचे दोन खांब उपटले होते. तिसऱ्याला नवरी मिठी मारून उभी होती. "तुम्ही देऊळ हलवलंत म्हणून उशीर झाला," मामा उतरता उतरता ओरडले.

"आमचं देऊळ सकाळपासून इथंच आहे," ती पैलवानाला म्हणाली.

"घे पोरी याला नवरा करून," आजी म्हणाली. "न कळलेलं विचारतो. असे फार नसतात."

सासरा हसला. भटजींना गोरज मुहूर्त सापडला आणि दोन खांब कमी असलेल्या मांडवात लग्न लागलं.

पुढच्या दिवाळीला आजीसाठी पहिला हात पैलवानानं वर केला. आता तो वल्हं मारतो, ती पाणी बघते. मामा मात्र अजून विचारतात, "पण देऊळ परत जागेवर आणलं कुणी?"

तात्पर्य: नदी सोपी आहे असं सांगणाऱ्याला टाळ्या हव्या तेवढ्या द्या, पण वल्हं देण्याआधी त्यानं पाणी बघितलंय का ते विचारा.