टिटवी आणि परत आणलेला धाविक

मुलांनो, डोंगरापलीकडच्या एका गवताळ माळावर एक टिटवी राहत असे. ती फार रागीट होती. उघड्या जमिनीवर चार खडे मांडून अंडी घालणाऱ्या पक्ष्याला रागीट व्हावेच लागते. म्हैस असो वा माणूस, जो जवळ येई त्याच्या डोक्यावर ती ओरडत झेपावत असे. माळावरचे बाकीचे प्राणी तिला कंटाळले होते.

त्याच माळावर पूर्वी सोनेरी पंखांचे धाविक पक्षी गवतातून तुरुतुरु पळत. माणसांनी नांगर घातला, गवत पेटवले आणि ते पक्षी संपले. पार जगातून संपले. शहरातल्या संग्रहालयात एका धाविकाचे पेंढा भरलेले कातडे तेवढे उरले होते. एका शास्त्रज्ञ बाईंनी त्या कातड्यातून त्याची जनुके मिळवली. जनुके म्हणजे जिवाचे शरीर कसे घडावे हे सांगणारा, पेशीच्या आत दडलेला मजकूर. वर्षानुवर्षे खपून बाईंनी त्यातून एक अंडे तयार केले आणि उबदार पेटीत घालून माळावर आणले. त्याला रणरणत्या उन्हात वाढवू शकेल अशी आई हवी होती.

त्या वर्षी टिटवीची अंडी गुरांच्या खुरांखाली फुटली होती. बाईंना पाहताच तिने झडप घातली. बाईंनी अंडे रिकाम्या घरट्यात ठेवले आणि त्या मागे सरल्या.

"कुणाचं आहे हे?" टिटवीने विचारले.

"ज्यांना आम्ही माणसांनी संपवलं, त्यांचं. सांभाळशील?"

"अंडं आहे ना? मग बसते. भांडण नंतर," टिटवी म्हणाली.

अंडे फुटले, पिल्लू बाहेर आले, आणि बातमी माळभर पसरली. माळाचा पुढारी होता एक कोल्हा. खडी फोडणाऱ्या माणसांचा त्या माळावर डोळा होता आणि कोल्हा त्यांच्या मुक्कामावर मटणाची हाडे चघळायला जात असे. त्याने सगळ्यांना गोळा केले. "भावांनो, मेलेला पक्षी परत आला! आता भ्यायचं कशाला? उद्या आपल्यातलं कुणी संपलंच, तर बाई परत आणतील. हे गवत त्या माणसांना देऊन टाकू. माळाची भरभराट होईल."

"कोल्होबांचं खरं आहे," ससा म्हणाला. चंडोलांनीही माना डोलावल्या.

"अरे, डोकी ठिकाणावर आहेत का तुमची?" टिटवी ओरडली. "एक पिल्लू आलंय. एक! आणि त्याच्या जिवावर तुम्ही सगळं गवत देऊन टाकता?"

"तुझं रोजचंच आहे," ससा म्हणाला आणि सगळे पांगले.

यंत्रे आली. त्यांनी गवत मुळासकट खरवडले आणि तळ्यात मुरूम टाकून ते बुजवले. चंडोलांची घरटी चाकांखाली गेली. सशाची पिल्ले सवयीप्रमाणे गवतात अंग चोरून बसली होती. यंत्राचे दाते त्यांच्यावरूनच फिरले. शेवटी गवताचा एक अरुंद पट्टा तेवढा राहिला.

गवताबरोबर नाकतोडे गेले, वाळवी गेली. धाविकाचे पिल्लू उपाशी फिरू लागले. एकदा त्याने विचारले, "आई, माझ्यासारखे अजून कुठं आहेत?"

"नाहीत रे."

"का नाहीत?"

"गवत गेलं म्हणून."

पिल्लाने समोरच्या सपाट, लाल जमिनीकडे पाहिले. "मग मला कशाला आणलं?"

टिटवीने त्याला पंखाच्या सावलीत ओढले. उन्हाळ्यात टिटवी पोटाची पिसे पाण्यात भिजवते आणि त्या ओल्या पिसांनी पिल्लाला गारवा देते. पण जवळचे तळे बुजले होते. ती लांबच्या ओढ्यावर जाई आणि परत येईपर्यंत पिसे कोरडी ठणठणीत होत. तरी ती पुन्हा जाई, पुन्हा येई. एका दुपारी, तिच्या पंखाखालीच, पिल्लू मेले.

दुसऱ्या सकाळी कोल्ह्याने शहरातल्या बड्या पाहुण्यांना पिल्लू दाखवायचा सोहळा ठेवला होता. बाईही आल्या होत्या. उरलेल्या पट्ट्याजवळ यंत्र गुरगुरत उभे होते. कोल्ह्याने मेलेले पिल्लू पाहिले आणि जिभेने चुकचुक केले. "अरेरे, ऐन वेळी! बाई, दुसरं कधी मिळेल?"

"दुसरं?" टिटवी अशी कडाडली की पाहुणे दचकले. "हे काय फुटलेलं मडकं आहे? याला चटके बसत होते. याला भूक लागत होती. हा मला आई म्हणत होता! दुसरं आणलंस तरी तो हा नसेल. आणि त्याला ठेवशील कुठं? खडीवर?"

ससा पुढे आला. "कोल्होबा, माझी पिल्लं? तीही परत येतील, असंच म्हणाला होतात ना?"

"सशांना काय तोटा आहे?" कोल्हा म्हणाला. "आधी दुर्मिळ प्राण्यांचं बघू."

सशाने वळून मागच्या पायांनी त्याच्या डोळ्यांत माती उडवली. चंडोल तुटून पडले, टिटवीने त्याचे डोके फोडले. कोल्हा पळत सुटला तो थेट खडीवाल्यांच्या मुक्कामावर. तिथे त्याला अजून हाडे मिळतात.

मग टिटवी बाईंकडे वळली. "आणि तू!"

"मी गेलेला जीव परत आणला," बाई हळूच म्हणाल्या.

"आणलास. आणि उन्हात सोडून दिलास."

बाई मेलेल्या पिल्लाजवळ खाली बसल्या. मग त्या उठल्या आणि यंत्रासमोर जाऊन उभ्या राहिल्या. "गवत काढायचं असेल तर माझ्या अंगावरून न्या." पाहुण्यांसमोर यंत्रवाल्यांचे काही चालले नाही. ते माघारी गेले. पट्टा वाचला, बाकीच्या माळाचा मात्र खड्डा झाला.

त्यानंतर बाईंनी आपली विद्या जिवंतांसाठी वापरली. उरलेले मोजके चंडोल आपसांतल्या नात्यांतच जोड्या जमवत होते आणि त्यांची पिल्ले दुबळी निपजत होती. जनुके तपासून बाईंनी दूरच्या माळावरून परक्या रक्ताचे चंडोल आणले, तेव्हा कुठे पिल्ले धडधाकट निघू लागली.

बाईंनी घडवलेल्या धाविकाच्या पेशी अजून शहरात गोठवून ठेवलेल्या आहेत. दर उन्हाळ्यात बाई येऊन विचारतात, "आता आणू का?" टिटवी गवताच्या पट्ट्यावरून उडू लागते आणि पंख नीट पसरायच्या आतच पट्टा संपतो.

"नाही," ती म्हणते.

तात्पर्य : गेलेल्याला परत आणण्याची विद्या मोठी, पण तिच्या भरवशावर जो असलेल्यांचे घर मोडतो, तो एकाच जिवाला दोनदा मारतो.